टोटल लॉस : हेमलकशातली पहिली गाडी

मोटार विम्यात गाडी दोन तऱ्हांनी संपते. चोरीला गेली, जळून कोळसा झाली किंवा पुरात वाहून गेली, तर हाताशी काही उरतच नाही. दुसऱ्या तऱ्हेत ती डोळ्यांसमोर उभी असते, चाके फिरतात, क्वचित हॉर्नही वाजतो, आणि तरी कागदावर ती संपलेली असते. मालकाला ही दुसरी तऱ्हाच पचत नाही. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये तिची व्याख्या आहे आणि २००७ पासून दर मोकळे झाले तरी पॉलिसीतले हे कलम तसेच राहिले : गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्त करण्याचा मिळून खर्च तिच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की तो ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’. गॅरेजमध्ये एवढे लांबलचक कुणी बोलत नाही. गाडी ‘टोटल’मध्ये गेली, एवढेच म्हणतात.

या व्याख्येतला ‘बाहेर काढण्याचा’ हा भाग नागपूर-पुण्याचा मालक वाचतही नाही. हेमलकशात पुष्कळदा त्यावरच सगळे ठरते.

हेमलकसा गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, आलापल्लीपासून सुमारे ६० किलोमीटर आत, जंगलात आहे. पुढे पर्लकोटा नदी, तिच्यापलीकडे भामरागड, आणि तिथेच इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभा केला. योगायोग असा की देशातला सर्वसाधारण विमा सरकारी झाला तोही १९७३ च्याच १ जानेवारीला. पण त्या काळी पावसाळ्यात इथला संपर्कच महिनोन्‌महिने तुटायचा, रुग्ण खाटेवर घालून आणले जायचे. मोटारीच्या विम्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यात यायचे कारण नव्हते. तो आला नंतर, रस्ता डांबरी झाल्यावर, आणि तालुक्यातल्या शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, वनरक्षक, डॉक्टर यांना पगारावर कर्ज मिळू लागल्यावर. यांपैकी बहुतेकांची ती घरातली पहिली चारचाकी असते. आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागलेल्या माडिया तरुणांच्या बाबतीत तर ती कधी कधी पाड्यावरचीच पहिली असते.

अशी गाडी एकट्या मालकाची राहत नाही. बाळंतीण अडली, सर्प चावला, मुलाला मलेरियाचा ताप चढला, की रात्री दार त्याच घराचे वाजते. आरोग्य विभागाची रुग्णवाहिका असतेच, पण ती दुसऱ्या टोकाला गेलेली असू शकते. त्यामुळे दोन-तीन वर्षांतच अशा गाडीच्या डिक्कीत घरच्या सामानाबरोबर टॉर्च, नायलॉनचा जाड दोर, ओआरएसची पाकिटे आणि एक जुनी सतरंजी कायमची मुक्कामाला येते. आयडीव्हीत यातले काही धरले जात नाही. आयडीव्ही म्हणजे त्या मॉडेलच्या आजच्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा केलेला आकडा : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक आपसात ठरवतील तो. नोंदणीचा खर्चही त्यात धरलेला नसतो. महाराष्ट्रात गाडी घेताना जो एकरकमी कर भरावा लागतो, तो आयडीव्हीत शोधणाऱ्याची निराशा होते.

या भागात गाडी संपवणारी कारणे तीन-चारच आहेत. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्यावर अवजड ट्रकांची रांग असते आणि त्यांच्याशी झालेली टक्कर छोट्या गाडीला झेपत नाही. रात्री रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येते. जाळपोळीचाही इतिहास आहे : डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागड परिसरात सत्तरहून अधिक वाहने जाळली, १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत आग, दंगल आणि दहशतवादी कृत्य ही कारणे येतात, युद्ध येत नाही. पण खासगी गाड्यांचा इथला खरा शत्रू पाणी, आणि त्यातही रपट्यावरचे पाणी.

पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल दर पावसाळ्यात अनेकदा बुडतो. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडची बाजारपेठ पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेली. पण मोठ्या नदीत सहसा कुणी गाडी घालत नाही, तिचा धाक असतो. गाड्या अडकतात त्या पेरमिली, ताडगावच्या बाजूच्या नाल्यांवर. पाणी रपट्यावरून वीतभर वाहताना दिसते. पुढे एसटी निघून गेलेली असते. एसटी गेली म्हणजे आपणही जाऊ, हा हिशेब इथे वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे, कारण बसचे इंजिन जिथून हवा ओढते ती जागा छोट्या गाडीच्या बोनेटपेक्षाही उंच असू शकते. हॅचबॅकमध्ये हवेचे तोंड बहुधा पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या आसपास असते. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतच असते. पण गाडी पुढे रेटली की बंपरसमोर लाट उठते आणि ती थेट त्या तोंडाशी पोचते.

त्यानंतरचे काम क्षणाचे असते. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो, मागून जोर चालूच असतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो मोडून इंजिनच्या ब्लॉकला भोक पाडतो. गाडी नाल्याच्या मध्यावर बंद पडते. इथपर्यंतचे नुकसान कदाचित अर्धेच असते. उरलेले अर्धे चावीने होते. भेदरलेला माणूस सेल्फ मारतो, एकदा, दोनदा, तीनदा. पॉलिसीतले पुराचे कलम आसने, वायरिंग, कंट्रोल युनिट, दारांतल्या मोटारी यांचे नुकसान मान्य करते. पण बुडालेले इंजिन पुन्हा चालू करायला जाऊन झालेली मोडतोड हा ‘परिणामी तोटा’ धरला जातो आणि तो साध्या पॉलिसीतून वगळलेला आहे. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे वेगळे संरक्षण जादा पैसे भरून घ्यावे लागते. पॉलिसी घेताना ते कुणी सुचवलेच नाही, ही तक्रार या भागात सर्रास ऐकू येते; हप्ता शंभर-दोनशे रुपयांनी कमी बसावा म्हणून ते आपणच काढायला लावले होते, हे त्या मानाने कमी वेळा.

पाणी उतरल्यावर पहिला प्रश्न गाडी राखण्याचा. पॉलिसीची अट स्पष्ट आहे : अपघातानंतर गाडी योग्य काळजी न घेता बेवारस सोडता येत नाही, आणि दुरुस्तीआधी चालवून वाढलेले नुकसान मालकाच्या माथी. म्हणजे रात्री कुणीतरी नाल्याकाठी थांबायचे. जवळच्या गावातली दोन-चार माणसे शेकोटी करून थांबतात, त्याचे पैसे घेत नाहीत. सकाळी ट्रॅक्टर येतो. तिथे एक धोका असतो आणि तो जाणत्या मिस्त्रीलाच ठाऊक असतो : टोचनची साखळी हुकाला न अडकवता घाईत सस्पेन्शनच्या आर्मला बांधली, तर गाडी चिखलातून निघते पण आर्म वाकतो. तो वाक पुराचा नाही, ओढण्याचा आहे, हे विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर बघताक्षणी ओळखतो.

गाडी ओढून नेण्यासाठी मूळ पॉलिसीत खासगी मोटारीला मिळणारी रक्कम आहे जास्तीत जास्त १,५०० रुपये. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर असे करत चंद्रपूरच्या वर्कशॉपपर्यंत दीडशेहून अधिक किलोमीटर होतात. हायड्रा क्रेन किंवा सपाट ट्रक तेवढ्यात आलापल्लीही गाठून देणार नाही. ही मर्यादा जादा हप्ता भरून वाढवता येते. याच पॉलिसीत मालकाला कंपनीला न विचारता दुरुस्ती करून घेण्याची मुभाही आहे, पण ५०० रुपयांच्या आतली. तेवढ्यात आज धड बंपरही सरळ होत नाही.

कंपनीला कळवायचे ‘ताबडतोब’. भामरागड तालुक्यात मोबाइलची रेंज जाणे ही बातमी नसते. पुरात तर ती दोन-दोन दिवस नसते. उशिरा कळवले म्हणून क्लेम फेटाळल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या, तेव्हा विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्ये परिपत्रक काढले : उशिराला खरे कारण असेल तर केवळ उशिराच्या मुद्द्यावर प्रामाणिक दावा नाकारू नये. तलाठ्याचा पंचनामा किंवा पोलीस ठाण्यातली नोंद जवळ असली तर हे कारण कागदावर दाखवता येते, म्हणून जाणकार ती आधी करून घेतात.

सर्व्हेअर चंद्रपूरहून, बहुधा नागपूरहून येतो, किंवा वर्कशॉपमध्येच गाडी बघतो. त्याचे काम बघण्यासारखे असते. तो आधी चिखलाची रेघ शोधतो : दाराच्या आतल्या अस्तरावर, आसनाच्या स्पंजवर, डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर. पाणी किती चढले याची ती साक्ष. मग एअर फिल्टर हातात घेऊन पिळून पाहतो. ऑइलची दांडी काढतो. ऑइल दुधाळ दिसले की पाणी आत गेलेच. शेवटी इंजिन उघडायला सांगतो. इंजिन उघडण्याची मजुरी कोण देणार यावर त्याच दिवशी पहिला वाद होतो.

त्याच्याबरोबर, किंवा नंतर फोनवर, दुसरा प्रश्न येतो : गाडीत कोण होते? खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेली वाहतूक बसत नाही. शेजारच्या रुग्णाला आलापल्लीला नेले आणि त्याच्या भावाने डिझेलला पाचशे रुपये दिले, हे भाडे की माणुसकी? हेमलकशात हा प्रश्नच विचित्र वाटतो. फॉर्मवर मात्र रकाना आहे, आणि भोळेपणाने दिलेल्या जबाबाचा अर्थ शहरातल्या टेबलावर वेगळा लागू शकतो. पैसे घेतले असतील तर ते लपवणे हा उपाय नव्हे. पण एकदा कुणी डिझेल भरून दिले म्हणून गाडी टॅक्सी ठरत नाही, एवढे ठामपणे लिहून देता आले पाहिजे.

आता हिशेब. समजा गाडीची आजची किंमत ८,००,००० रुपये आणि ती तिसऱ्या वर्षात आहे. आयडीव्ही ५,६०,०००. त्याचे ७५ टक्के ४,२०,०००. वर्कशॉपचा अंदाज आला ३,९५,०००. चंद्रपूरमध्ये नुकसान झाले असते तर ही गाडी दुरुस्तीला गेली असती. पण नाल्यातून काढणे, ट्रकवर चढवणे आणि वर्कशॉपपर्यंत आणणे याचे ३०,००० धरले की आकडा ४,२५,००० होतो आणि कलम शब्दशः लावले तर तीच गाडी टोटल ठरते. गंमत अशी की ते ३०,००० व्याख्येत मोजले जातात, मालकाच्या हातात मात्र त्यातले १,५०० च येतात.

टोटल व्हावी की दुरुस्ती, यावर मालकाचे मन दुभंगते. पहिली गाडी म्हणून तो दुरुस्तीच मागतो. पण दुरुस्तीत भागांवर घसारा कापला जातो : प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर तिसऱ्या वर्षात १५ टक्के, ‘झिरो डेप’ हे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण घेतले असेल तरच हे टळते. टोटलमध्ये मात्र १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये वगळून पूर्ण आयडीव्ही मिळते. शिवाय बुडालेली गाडी दुरुस्त होऊनही नीट होत नाही. कनेक्टरच्या पिनांना गंज चढायला महिने लागतात. मग एके दिवशी पॉवर विंडो जाते, दुसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागतो, आणि मिस्त्री साठ किलोमीटरवर असतो. नागपुरात हा वैताग, भामरागडच्या रस्त्यावर रात्री तो जिवावरचा खेळ. छातीपर्यंत बुडालेली गाडी इथे टोटल झाली तर ती होऊ द्यावी, हेच शहाणपणाचे; प्रेम असले तरी.

मंजुरीनंतर बहुतेक वेळा कंपनी भंगारासाठी बोली मागवते आणि ‘साल्व्हेज वजा’ रक्कम देऊ करते. वरच्या उदाहरणात बोली १,५०,००० ची लागली, तर ५,५९,००० मधून ती वजा होऊन ४,०९,००० कंपनी देते आणि उरलेले बोली लावणारा. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात. सात वर्षांच्या कर्जात तिसऱ्या वर्षी मुद्दल आयडीव्हीइतकेच किंवा थोडे जास्तही उरलेले असू शकते. अशा वेळी गाडी गेली, पैसे बँकेत गेले आणि वर चार हप्ते शिल्लक, असा प्रसंग येतो.

बोली लावणारा माणूस रोख देतो, ट्रक आणतो आणि आरसी मागतो. इथे घाई नडते. टोटल झालेल्या गाडीचे कागद आणि चेसिस नंबर वापरून त्याच मॉडेलची चोरीची गाडी रस्त्यावर आणण्याचे प्रकार देशात पोलिसांनी अनेकदा उघडकीस आणले आहेत. मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म रीतसर भरून नोंद बदलल्याशिवाय, किंवा गाडी कायमची निकामी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करून घेतल्याशिवाय, कागद हातचे सोडू नयेत. फास्टॅगही बंद करावा.

गाडी नेण्याआधी ती रिकामी करायची असते. वर्कशॉपच्या मागच्या आवारात दार उघडले की आधी कुबट वास येतो. डॅशबोर्डवरचा गणपती चिकटवलेलाच असतो, तो पान्याने हळूच खरवडून काढावा लागतो. जॅक, स्टेपनीचा पाना, दोर. आसनाखाली मोहाची सुकलेली फुले, डिक्कीच्या कोपऱ्यात तेंदूपानाचा चुरा, लहान मुलाची एकच चप्पल. ओआरएसची पाकिटे फुगलेली. हे सामान पिशवीत भरताना बहुतेक मालक वर्कशॉपच्या पोराशी काहीतरी दुसरेच बोलत असतात, नव्या मॉडेलच्या मायलेजबद्दल वगैरे. सरकारी गाडीला हे नशीब नसते. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही. त्यांचे निर्लेखन होते, यादी जोडली जाते आणि चालक दुसऱ्या गाडीवर जातो. त्या चालकांनाही वाईट वाटत असणारच, पण त्यासाठी अर्जात जागा नाही.

बदली गाडी निवडताना पहिली चूक तेच मॉडेल, तोच रंग शोधण्याची. दुसरी चूक नुसता ग्राउंड क्लिअरन्स बघण्याची. दहा-पंधरा मिलिमीटरने खड्ड्यात फरक पडतो, नाल्यात नाही. नाल्यासाठी हवेच्या तोंडाची उंची बोनेट उघडून बघावी लागते. जुने लोक अजूनही जीपवर्गाच्याच बाजूने बोलतात. १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, जिचे नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडले, २०१९ मध्ये बंद झाली. २००० मध्ये आलेली बोलेरो टिकून आहे. या गाड्यांची चेसिस वेगळी, मागे पाटे, आणि आलापल्लीचा मिस्त्री त्या डोळे मिटून खोलू शके. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. हेमलकसा-भामरागड अशा तीन किलोमीटरच्या चकरा मारणाऱ्याचा तो फिल्टर तुंबतो आणि मग स्कॅनर लागतो, जो मिस्त्रीकडे नसतो. रोजची धाव कमी असेल तर साधे पेट्रोल इंजिन बरे.

जुनी गाडी घ्यायची तर ती आपल्यासारख्याच कुणाची बुडालेली नाही ना, हे बघावे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या कित्येक धुऊन-पुसून जुन्या बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतला भाग कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ सापडते. आसनाखालचे स्क्रू आणि स्टेपनीचा खळगाही बघावा.

नव्या गाडीची नोंदणी आता डीलरकडूनच होते आणि गडचिरोलीचा एमएच-३३ नंबर पडतो. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी गाडी घ्यायला चंद्रपूर-नागपूरलाच जावे लागते ते लागतेच. विम्यात ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो, कारण टोटल हाही क्लेमच. पाच वर्षे सांभाळलेली ५० टक्क्यांची सवलत एका नाल्यात जाते. या वेळी इंजिन प्रोटेक्ट, टोचनची वाढीव मर्यादा आणि पहिल्या वर्षांसाठी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ ही तीन संरक्षणे घ्यावीत. शेवटच्यात टोटल झाल्यास आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत मिळते, बहुतेक पॉलिसींत नोंदणीखर्च आणि करासह. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा असतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचा असू शकतो. तो ज्या महिन्यात संपतो तो महिना जुलै-ऑगस्ट असेल तर नूतनीकरण जूनआधीच उरकावे. मुदत संपून खंड पडला तर कंपनी गाडीची नव्याने पाहणी मागते, आणि पर्लकोटा चढलेली असताना पाहणीला माणूस येत नाही, मोबाइलवरून व्हिडिओही जात नाही.